कासव

इथे उंटाला कासव म्हणतात.
आपल्या पटावर तो तिरका धावतो, मैलोन् मैल,
कुतैसीत पाठीवर घर घेऊन सरकतो.
त्सियालाला यात नवल नाही,
बोबडं बोलत होती तेव्हापासून ती कासवच म्हणतेय.

शेवटची फेरी. टेबल अकरा.
साठीपुढच्या बायकांची स्पर्धा,
बंद पडलेल्या रेशीम-गिरणीच्या जेवणघरात.
हीटर एकच, तोही पंचांच्या पायाशी.
समोर लामारा, पांढरी मोहरी घेऊन.
हात मिळवले दोघींनी. बोटं तेवढी भेटली.

राजाचं प्यादं दोन घरं पुढे.
उत्तरादाखल एकच घर.
मग वजिरांची प्यादी छातीला छाती लावून उभी,
मग घोडे.
फ्रेंच बचाव, जुन्या वळणाचा,
वालेरियन मास्तरांनी एकाच बाकावर बसवून
दोघींना शिकवलेला.

मास्तर म्हणायचे,
या बचावात काळ्याचं एक कासव जन्मतःच दाराआड.
आपलीच प्यादी त्याची वाट अडवून बसतात.
त्याला शिव्या घालू नका.
विसरूही नका.
लामाराने विचारलं होतं, मग दार उघडतं कधी?
मास्तरांनी खडू झटकला
आणि मधली सुट्टी झाली.

पंधराव्या खेळीला लामाराने थर्मास उघडला.
ग्रीसमध्ये एकोणीस वर्षं
दुसऱ्यांच्या आयांना अंघोळ घालून
तिचे तळवे असे पांढरे, सुरकुतलेले,
जणू आत्ताच पाण्यातून काढलेत.
जाताना लग्नातला पट त्सियालाकडे ठेवून गेली होती.
आईने दिलेला, अक्रोडाचा,
बत्तीस मोहरी मखमलीच्या पिशवीत.
सांभाळ, म्हणाली होती. एवढंच.

त्या हिवाळ्यात वीज नव्हती, गॅस नव्हता,
खुर्च्यांचे पाय संपले होते,
आणि पोराचा ताप उतरत नव्हता.

चाळीसाव्या खेळीपर्यंत हत्ती गेले, वजीर गेले,
घोडे एकमेकांना घेऊन गेले.
लामाराकडे एक प्यादं जास्त
आणि काळ्या घरांवरचं कासव.
त्सियालाकडे तेच ते, दाराआडचं,
पांढऱ्या घरांवरचं.
एकाच पटावर दोघं,
शंभर खेळ्या फिरली तरी
एकाच्या घरात दुसऱ्याचं पाऊल पडायचं नाही.

प्यादं सहाव्या रांगेत येऊन थबकलं.
पुढचं घर पांढरं,
त्यावर काळा राजा मांडी ठोकून बसलेला.
उठवणार कोण?
लामाराने तरी बावीस खेळ्या प्रयत्न केला.
उजवीकडून आली, डावीकडून आली,
मध्येच चष्मा पुसला.
त्सियालाचं कासव तिरक्या वाटेवर
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
रात्री आजारी माणसाच्या खोलीबाहेर
कुणी येरझाऱ्या घालावं तसं.

बाकीची टेबलं उठली.
एका बाईने खाचापुरीचा डबा उघडला,
चीजचा वास हॉलभर झाला,
पंचांनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्या डब्याकडे.

एकाहत्तरावी खेळी.
बरोबरी? लामारा म्हणाली.
तेवीस वर्षांत तिने उच्चारलेला हा पहिला शब्द.
त्सियालाने मान हलवली. आवाज फुटेना.

अर्धा गुण हिला, अर्धा तिला.
कागदांवर सह्या झाल्या.
त्सियालाची सही रेघेच्या बाहेर गेली.

लामारा मोहरी गोळा करू लागली,
प्लास्टिकची, स्पर्धेच्या मालकीची.
खाली बघतच विचारलं,
किती वेळ जळला?

एक चहा होईल इतका, त्सियाला म्हणाली.
थोडं थांबून,
नाही, तेवढाही नाही. पाणी नुसतं कोमट झालं.

लामाराने काळं कासव मुठीत धरलं होतं,
ते डब्यात टाकायचं विसरली की काय कोण जाणे.
अक्रोडाचं लाकूड ते, ती म्हणाली.
जास्त वेळ जळायला हवं होतं.

आणि थर्मासच्या झाकणात
उरलेला चहा ओतून
तिने तो पटाच्या मधोमध ठेवला,
अर्धा काळ्या घरावर, अर्धा पांढऱ्या.